भूल, फुप्फुसाची तटबंदी आणि आपण

शल्यकर्म आणि संज्ञाहरण यांचा संबंध आज अतूट झाला आहे. तरीही संज्ञाहरण म्हणजेच भूल हा विषय आपल्या वैद्यवर्गात दोनच प्रकारे बोलला जातो. एक वर्ग म्हणतो की, भुलीचा वायू फुप्फुसे कायमची बिघडवतो, म्हणून शक्यतो शस्त्रक्रिया टाळावी. दुसरा वर्ग म्हणतो की, हा भूलतज्ज्ञांचा विषय आहे, त्याच्याशी आपला संबंध नाही. आमच्या मते या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. पहिल्या भूमिकेने घाबरलेला रुग्ण हर्निया अडकेपर्यंत किंवा पित्ताशयात पू होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. दुसऱ्या भूमिकेमुळे जी माहिती रुग्णाच्या भूलतज्ज्ञाकडे जायला हवी ती आपल्याच दवाखान्यात राहते.

हा विषय आपल्यासाठी केवळ ज्ञानवर्धनाचा नाही. दि. १९ नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांसाठी अनुक्रमे ३९ व १९ शस्त्रकर्मांची नामनिर्देशित यादी दिली. त्याविरुद्ध दि. ११ डिसेंबर २०२० रोजी आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशव्यापी बंद पुकारला. त्या वादात आपल्याकडून सुश्रुतांचे नाव वारंवार घेतले गेले. परंतु शस्त्रकर्माच्या टेबलावर झोपलेल्या रुग्णाच्या श्वासाविषयी आपण किती जाणतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. शस्त्र हाती घेण्याचा अधिकार मागणाऱ्याने तो प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. आणि जे वैद्य शस्त्रकर्म करीत नाहीत, त्यांच्याकडेही शस्त्रकर्माच्या आधीचा आणि नंतरचा रुग्ण येतोच. सुश्रुतांनी कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. त्यांतील पहिला आणि तिसरा भाग आजही मोठ्या प्रमाणात आपल्या हाती आहे.

तटबंदी म्हणजे काय?

श्वासावाटे आत येणारी हवा धूळ, धूर, जंतू असे बरेच काही सोबत आणते. फुप्फुसाच्या संरक्षणाची व्यवस्था म्हणूनच एका भिंतीची नसून अनेक पदरी आहे.

पहिला पदर श्वासनलिकांच्या अंतःस्तराचा. तेथील पेशींवर सिलिया नावाचे अतिसूक्ष्म रोम असतात. एकेका पेशीवर सुमारे दोनशे. हे रोम सेकंदाला साधारणतः दहा ते पंधरा वेळा एका लयीत हलतात. त्यांच्याभोवती पातळ द्रवाचा थर आणि त्यावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. वाऱ्याच्या झुळकेने भाताच्या शेतावर लाटा उठाव्यात तशी ही हालचाल असून तिच्यामुळे श्लेष्म्याचा थर मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे सरकत राहतो. त्यात अडकलेली धूळ व जंतू आपण नकळत गिळून टाकतो.

दुसरा पदर वायुकोशांचा. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांचा सुमारे पंच्याण्णव टक्के पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या चपट्या पेशींनी झाकलेला असतो. या पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. पलीकडे केशवाहिनीचा अंतःस्तर असतो. काही ठिकाणी या संपूर्ण पडद्याची जाडी अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी असते. प्राणवायू पार जावा इतका हा पडदा पातळ, आणि रक्तातील पाणी वायुकोशात झिरपू नये इतका घट्ट. हे सांधे सैल झाले की वायुकोशात द्रव भरतो आणि श्वसन कोलमडते.

तिसरा पदर सर्फॅक्टंटचा. दुसऱ्या प्रकारच्या पेशी हा स्निग्ध पदार्थ स्रवतात. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग मेदयुक्त घटकांचा व उरलेला प्रथिनांचा असतो. तो पृष्ठताण कमी करतो, म्हणून उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश मिटून जात नाहीत. चौथा पदर वायुकोशांत फिरणाऱ्या भक्षकपेशींचा. वरच्या पदरांतून सुटलेला जंतू त्या गिळतात. आणि या सर्वांच्या जोडीला कास हा वेग आहेच.

भुलीचा वायू काय करतो?

आज वापरात असलेले आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन आणि त्यांच्या आधीचे हॅलोथेन हे सर्व वायू फुप्फुसावाटेच शरीरात जातात व मुख्यतः फुप्फुसावाटेच बाहेर पडतात. म्हणून मेंदूच्या आधी त्यांची गाठ पडते ती याच तटबंदीशी.

सिलियांची गती हे वायू मात्रेच्या प्रमाणात मंदावतात. यात हॅलोथेनचा परिणाम अधिक, तर सेव्होफ्लुरेनचा तुलनेने सौम्य आढळला आहे. गती मंदावली की श्लेष्मा सरकत नाही व साचू लागतो. त्यात नळीवाटे दिलेली हवा कोरडी व थंड असेल तर श्लेष्मा घट्ट होतो आणि अंतःस्तराला इजा पोहोचते. नाकाचे काम हवा उबदार व आर्द्र करण्याचे. श्वासनलिकेत नळी घातली की नाक वगळले जाते. म्हणूनच यंत्राला उष्णता व आर्द्रता राखणारा फिल्टर जोडतात.

सर्फॅक्टंटच्या बाबतीत १९९० च्या दशकात उंदरांच्या फुप्फुसातून वेगळ्या काढलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर प्रयोग झाले. हॅलोथेनच्या संपर्कात या पेशींची सर्फॅक्टंटचा मुख्य घटक बनविण्याची क्षमता घटली आणि वायू थांबविल्यावर ती पूर्ववत झाली. येथे ‘पूर्ववत झाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भक्षकपेशींच्या बाबतीत शस्त्रक्रिया चालू असलेल्या रुग्णांच्याच पेशी तपासल्या गेल्या. भुलीचा कालावधी वाढत गेला तशी त्यांची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती घटत गेली. परंतु ही घट शिरेतून प्रोपोफॉल दिलेल्या रुग्णांतही दिसली. अर्थात दोष एकट्या वायूचा नाही.

याहून मोठा परिणाम वायूच्या रासायनिक गुणाशी फारसा निगडित नाही. स्वीडनमधील संशोधकांनी १९८५ मध्ये सीटी स्कॅनद्वारे दाखवून दिले की, भूल सुरू होताच काही मिनिटांत फुप्फुसाचा पाठीकडील भाग मिटू लागतो. संपूर्ण भूल दिलेल्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत हे कमीअधिक प्रमाणात घडते. स्नायू शिथिल झाल्याने उरःपटल वर सरकते, उताणे झोपल्याने भार पाठीकडे येतो आणि शंभर टक्के प्राणवायू दिल्यास तो लवकर शोषला जाऊन वायुकोश मिटतात. जेथे हवा पोहोचत नाही आणि श्लेष्मा साचला आहे, तेथे न्यूमोनियाला अनुकूल भूमी तयार होते.

निरोगी फुप्फुसाच्या, अल्पकाळ भूल दिलेल्या रुग्णात हे सारे बदल तात्पुरते असतात आणि बहुतेकांना त्यांची जाणीवही होत नाही. ज्याची तटबंदी आधीच खिळखिळी आहे, त्याच्या बाबतीत मात्र हे तात्पुरते बदल पुरेसे ठरतात. विडी ओढणारा शेतकरी, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली वृद्धा, तमकश्वासाचा जुना रुग्ण, नुकताच प्रतिश्याय होऊन गेलेले बालक ही सगळी माणसे आपल्याच दवाखान्यात येणारी आहेत.

नाण्याची दुसरी बाजू

भुलीचे वायू तटबंदीला केवळ मारकच असतात असे मानणेही शास्त्राला धरून नाही. जंतुजन्य विषद्रव्याने इजा केलेल्या फुप्फुसांवरील प्राण्यांच्या प्रयोगांत सेव्होफ्लुरेनमुळे शोथ कमी झाल्याचे व वायुकोशात द्रव कमी झिरपल्याचे दिसले. म्हणजे जो वायू सिलियांना मंद करतो, तोच केशवाहिनी व वायुकोश यांमधील पडद्याचे रक्षण करतो, असे चित्र उभे राहिले. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये तीव्र श्वसनावसादाच्या ५० रुग्णांवर लहान अभ्यास झाला. सेव्होफ्लुरेन दिलेल्यांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुधारले आणि वायुकोशपेशींच्या इजेचे निदर्शक द्रव्यही कमी झाले. आशा वाढली.

त्यानंतर मोठी परीक्षा झाली. फ्रान्समधील ३७ अतिदक्षता विभागांत ६८७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र श्वसनावसादाच्या या रुग्णांना सात दिवसांपर्यंत शामक म्हणून एका गटात सेव्होफ्लुरेन व दुसऱ्या गटात प्रोपोफॉल देण्यात आले. नव्वद दिवसांनंतर सेव्होफ्लुरेनच्या गटातील सुमारे ४७ टक्के, तर प्रोपोफॉलच्या गटातील सुमारे ५६ टक्के रुग्ण जिवंत होते. ज्या वायूने प्रयोगशाळेत तटबंदी राखली, त्याच वायूच्या गटात अधिक माणसे दगावली.

यावरून शस्त्रक्रियेच्या दोनतीन तासांपुरता दिलेला सेव्होफ्लुरेन घातक आहे असे कोणी समजू नये. तो अभ्यास अत्यवस्थ रुग्णांचा आणि अनेक दिवसांच्या वापराचा होता. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतील ५४०० रुग्णांवर १३ देशांत झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वायूची भूल आणि शिरेतील भूल यांत वर्षभरातील मृत्यूंच्या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणून ‘गॅसची भूल नको, इंजेक्शनची घ्या’ असा सल्ला आपण रुग्णाला देऊ नये. तो निर्णय भूलतज्ज्ञाचा आहे आणि त्याच्याकडेच राहू द्यावा.

यातून आपण काय शिकावे?

वरील वृत्तांत आम्ही सविस्तर दिला तो एका कारणासाठी. प्राण्यांवरील प्रयोग आशादायक, लहान अभ्यास आशादायक, रक्तातील निदर्शके आशादायक. आणि तरीही रुग्णाच्या जिवाच्या हिशोबात उत्तर उलटे आले. असे प्रथमच घडले असेही नाही. निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून असा निष्कर्ष काढण्यात आला की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. पुढे १९११ च्या सुमारास इंग्लंडमधील संशोधनाने दाखविले की, हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून एकाएकी मृत्यू आणू शकते. आयोगाची मेहनत खोटी नव्हती, निष्कर्ष घाईचा होता.

आता आपल्या औषधांच्या जाहिराती पाहाव्यात. उंदरांच्या फुप्फुसात शोथ कमी झाला, पेशींच्या थरात अमुक द्रव्य वाढले, एवढ्या आधारावर ‘फुप्फुसांचे संरक्षक कवच’ असे शब्द बाटलीवर छापले जातात. आधुनिक वैद्यकाने स्वतःच्या लाडक्या वायूला सहाशेहून अधिक रुग्णांच्या कसोटीवर उभे केले आणि प्रतिकूल उत्तर उघडपणे छापले. आपण आपल्या एकाही श्वासहर कल्पाला शस्त्रक्रियेच्या रुग्णांत अशा कसोटीला लावण्याची तयारी दाखवली पाहिजे. तोपर्यंत भाषा संयमाची हवी.

हाच संयम ग्रंथार्थाच्या बाबतीतही हवा. सुश्रुतांनी फुप्फुसाची उत्पत्ती रक्ताच्या फेसापासून सांगितली आहे. उरःस्थानी अवलंबक कफ सांगितला आहे. त्यावरून ‘आपल्या आचार्यांना सर्फॅक्टंट ठाऊक होते’ असे विधान व्यासपीठांवरून ऐकू येते. आमच्या मते ते आचार्यांचा गौरव करीत नाही. अवलंबक कफ ही कार्यावरून ठरविलेली व्यापक संकल्पना आहे. सर्फॅक्टंट हा एक विशिष्ट पदार्थ आहे. दोन्हींत स्निग्धत्व आणि धारण हे समान सूत्र शोधणे विचारप्रवर्तक आहे, पण समीकरण मांडणे चुकीचे आहे. भोजप्रबंधातील मोहचूर्णाची कथाही संज्ञाहरणाचा इतिहास म्हणून सांगितली जाते. ती कथा आहे, रुग्णवृत्त नव्हे.

सुश्रुतांचे खरे बळ त्यांच्या निरीक्षणात आहे. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला इष्ट भोजन द्यावे, वेदना सहन न होणाऱ्या मद्यप्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छित होत नाही व त्याला शस्त्र जाणवत नाही, असे ते एके ठिकाणी सांगतात. दुसऱ्या ठिकाणी मात्र मूढगर्भ, उदर, अर्श, अश्मरी, भगंदर व मुखरोग यांत उपाशीपोटी कर्म करावे असे ते बजावतात. कोणत्या कर्माला भरले पोट चालते व कोणत्याला नाही, हा विवेक तेथे आहे. आज संपूर्ण भुलीत कास व गिळण्याचे रक्षक वेग नाहीसे होतात, पोटातील अन्न वा आम्ल श्वासनलिकेत उतरून तटबंदी जाळू शकते. म्हणून उपाशी राहण्याचा नियम सर्वच कर्मांना लागू झाला. सुश्रुतांचा अनुयायी म्हणवणाऱ्याला हा नियम परका वाटण्याचे कारण नाही.

पूर्वकर्म : आपल्या हातातील दोन ते चार आठवडे

आमची सूचना अशी की, नियोजित शस्त्रक्रियेचा रुग्ण आपल्याकडे आला की पुढील गोष्टी वैद्याने स्वतः विचाराव्यात व नोंदवाव्यात.

प्रथम धूम्रपान. विडी, सिगारेट थांबविल्यावर पहिल्या दिवसातच रक्तातील कार्बन मोनॉक्साइड उतरते. सिलियांचे कार्य सुधारण्यास मात्र आठवडे लागतात. चार आठवडे वा अधिक काळ आधी सोडणाऱ्याला फुप्फुसाच्या उपद्रवांपासून अधिक लाभ होतो. ‘शस्त्रक्रिया जवळ आली असताना विडी सोडली तर कफ वाढून त्रासच होतो’ हा जुना समज पुढील अभ्यासांत टिकलेला नाही. म्हणून केव्हाही सोडावी, आणि लवकर सोडावी. आपला औषधी धूमपानही या काळात थांबवावा. सिलियांच्या दृष्टीने धूर हा धूरच आहे.

दुसरे, प्रतिश्याय व कास. विशेषतः लहान मुलांत सर्दी चालू असताना किंवा तिच्यानंतरच्या साधारण दोन आठवड्यांत भूल दिल्यास श्वासमार्ग आवळणे, खोकल्याची उबळ, प्राणवायू घटणे हे उपद्रव वाढतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या बालकाला आपण सर्दीचे औषध देतो. त्याच वेळी ‘ही सर्दी शल्यज्ञांना कळवा’ असे पालकांना सांगतो का?

तिसरे, श्वसनाचा व्यायाम. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांवरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टने एकदाच सुमारे अर्धा तास रुग्णाला दीर्घश्वसन शिकविले आणि त्यामागील कारण समजावून दिले. फुप्फुसाच्या उपद्रवांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. यात एकही औषध नव्हते. दीर्घश्वसन शिकविण्याची परंपरा ज्यांच्या घरात आहे, त्या आपल्याला हे काम कोणाची परवानगी न मागता करता येईल. मात्र अभ्यासातील दीर्घश्वसनाचे श्रेय परस्पर प्राणायामाला देऊ नये. त्याचा अभ्यास आपण वेगळा करावा.

चौथे, उपाशी राहण्याचे वेळापत्रक. साधारण नियम असा आहे की, गाळीव पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत, हलके अन्न व दूध सहा तास आधीपर्यंत, आणि तळलेले वा स्निग्ध अन्न त्याहूनही आधी बंद करावे. दुधातील कषाय, अवलेह, घृत, मधातील चाटण हे सर्व या हिशोबात अन्नच आहे. ‘औषध आहे, चालते’ असे म्हणून शस्त्रक्रियेच्या सकाळी दिलेला च्यवनप्राश वा अभ्यंतर स्नेह रुग्णाला महागात पडू शकतो. त्या सकाळी तैल नस्य व स्नेहगंडूषही टाळावा. तेलाचे थेंब श्वासनलिकेत उतरून होणारा तैलजन्य न्यूमोनिया सुपरिचित आहे.

औषधांची यादी : वैद्य आणि औषधनिर्माते दोघांची जबाबदारी

येथे औषधनिर्मात्यांनी व औषधविक्रेत्यांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे. कनकासवाचे उदाहरण घेऊ. श्वासासाठी वापरला जाणारा भैषज्यरत्नावलीतील हा कल्प. त्यात धत्तूर आहे, यष्टिमधु आहे आणि संधानातून आलेले मद्यही आहे. धत्तुरातील द्रव्ये स्राव सुकवितात, नाडी जलद करतात आणि भूलतज्ज्ञ देत असलेल्या अ‍ॅट्रोपीन वर्गातील औषधाशी त्यांची बेरीज होते. अ‍ॅट्रोपीन श्लेष्म्याचे वहनही मंदावते; म्हणजे वायूने मंद केलेल्या सिलियांवर आणखी एक भार. यष्टिमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. एकाच बाटलीतील या तीन गोष्टी भूलतज्ज्ञाला माहीत असणे आवश्यक आहे. आणि रुग्ण त्याला काय सांगतो? ‘आयुर्वेदिक खोकल्याचे औषध घेतो.’

अशीच इतर उदाहरणे आहेत. सर्पगंधेतील रिसर्पिन भुलीत रक्तदाब खाली आणू शकते. सोमलतेतील एफेड्रीन हॅलोथेनसारख्या वायूच्या जोडीने हृदयाची लय बिघडवू शकते. तगर, जटामांसी, अश्वगंधा यांचा शामक परिणाम भुलीच्या परिणामात मिळू शकतो. लसूण अधिक मात्रेत रक्तस्राव वाढवू शकतो. २००१ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील आढाव्यात लसूण किमान सात दिवस व एफेड्रा किमान चोवीस तास आधी थांबवावे, तर तगराच्या वर्गातील व्हॅलेरियन दीर्घकाळ घेणाऱ्याने ते एकाएकी न सोडता क्रमाने कमी करावे, असे सुचविले होते. प्रत्येक औषध सरसकट थांबविणे हेही उत्तर नाही. तमकश्वासाच्या रुग्णाचे नियमित औषध अचानक तोडल्यास वेग येऊ शकतो. उत्तर एकच : लेखी यादी, आणि वैद्य व भूलतज्ज्ञ यांचे बोलणे.

औषधनिर्मात्यांकडून तीन अपेक्षा आहेत. अनुसूची ई (१) मधील द्रव्य असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना कायद्यानेच आवश्यक आहे. ती वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. घटकद्रव्यांची यादी रुग्णाला व भूलतज्ज्ञाला समजेल अशी, वनस्पतीच्या शास्त्रीय नावासह द्यावी. आणि ‘शस्त्रक्रिया ठरली असल्यास हे औषध घेत असल्याचे डॉक्टरांना सांगा’ ही एक ओळ लेबलवर घालावी. या ओळीने विक्री घटेल अशी शंका काहीजण घेतील. आमचे म्हणणे उलट आहे. भुलीच्या वेळी एखादा उपद्रव झाला आणि मागाहून बाटली समोर आली, तर ती एका कारखान्याची बदनामी राहत नाही. संपूर्ण आयुर्वेदाची होते.

पश्चात्कर्म

शस्त्रक्रियेनंतर सिलियांचे कार्य पूर्ववत होण्यास काही तास ते काही दिवस लागतात. या काळात कास हाच मुख्य रक्षक. वाग्भटांनी अधारणीय वेगांत कासाची गणना केली आहे, याचे स्मरण येथे ठेवावे. पोटावर टाके असलेला रुग्ण दुखते म्हणून खोकला दाबतो आणि नातेवाईक आपल्याकडे खोकला बंद करणारे औषध मागायला येतात. ते देऊ नये. टाक्यांवर उशी दाबून खोकायला शिकवावे, वेदनाशमन पुरेसे आहे ना हे शल्यज्ञांना विचारावे, रुग्णाला लवकर बसवावे व चालवावे, दीर्घश्वसन चालू ठेवावे. ताप, वाढता श्वासवेग, छातीत दुखणे वा पिवळा कफ दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता त्याला परत रुग्णालयात पाठवावे. पहिल्या आठवड्यातील श्वास हा तमकश्वास समजून औषध देत बसण्याचा नाही. तो न्यूमोनिया किंवा फुप्फुसवाहिनीतील रक्ताची गुठळी असू शकतो.

संघटनेपुढे प्रस्ताव

आम्ही येथे तीन प्रस्ताव मांडतो. एक : संघटनेने शस्त्रक्रियापूर्व औषधपत्राचा एक पानी नमुना तयार करून सर्व सभासदांना द्यावा. त्यात रुग्ण घेत असलेले कल्प, त्यांतील प्रमुख द्रव्ये, मात्रा, शेवटच्या सेवनाची तारीख, धूम्रपान, प्रतिश्याय व श्वास यांची नोंद असावी आणि ते पत्र रुग्णाने भूलतज्ज्ञाला द्यावे. दोन : जिल्हा शाखांनी वर्षातून किमान एकदा स्थानिक भूलतज्ज्ञांना व्याख्यानासाठी बोलवावे. बनारस हिंदू विद्यापीठात संज्ञाहरणाचा स्वतंत्र विभाग आहे. तेथील अनुभवाचाही लाभ घ्यावा. तीन : ज्या आयुर्वेद महाविद्यालयांत शल्यविभाग कार्यरत आहेत, त्यांनी शस्त्रक्रियापूर्व दीर्घश्वसन व प्राणायाम यांचा तुलनात्मक अभ्यास हाती घ्यावा, आणि उत्तर काहीही आले तरी ते प्रसिद्ध करावे.

काही ज्येष्ठ वैद्य विचारतील की, हे सर्व करून आपण दुसऱ्याच्या शास्त्राची सेवा करणार काय? आमचे उत्तर असे की, टेबलावर झोपलेला रुग्ण कोणत्याही शास्त्राचा नसतो. त्याच्या श्वासाची तटबंदी काही तासांसाठी सैल होणार आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. ती आधी बळकट करणे आणि नंतर सांभाळणे ही कामे आपल्या दवाखान्यात होऊ शकतात व ती आपण अंगावर घ्यावीत. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी या प्रस्तावांवर आपली मते अवश्य कळवावीत, अशी नम्र विनंती.